पत्त्याचे मालक, पत्त्याचे भाडेकरू

आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण त्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. कॉलेजच्या वायफायला फोन जोडायला जावं, सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसाव्यात आणि तरी नेट चालू नये, हा अनुभव पुष्कळांना आहे. काही वेळा कारण एवढंच असतं, की वाटायला आयपी पत्ताच शिल्लक नसतो. ही टंचाई आली कुठून, ते आज आपण पाहू.

१९८१ साली आयपीव्ही४ चा आराखडा ठरला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हाच्या मोजक्या संगणकांसाठी हा साठा न संपणारा वाटला आणि वाटपही सढळ हाताने झालं. एमआयटी आणि स्टॅनफर्ड यांना प्रत्येकी सुमारे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा गट मिळाला. त्याखालचं माप ६५,५३६ चं आणि त्याखालचं थेट २५६ चं. मधलं काही नाही! गरजेप्रमाणे लहानमोठे गट देण्याची पद्धत १९९३ मध्ये आली, तोवर बरंच वाटून झालं होतं.

स्वतःचा पत्ता असल्याने काय साधतं? १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी आवडत्या संकेतस्थळांची यादी विद्यापीठातल्याच ‘अकेबोनो’ नावाच्या संगणकावर ठेवली. जगातून कुणालाही तिथे थेट पोचता येत होतं. त्या यादीचंच पुढे याहू झालं.

हे टेबलावर बसलेले संगणक होते. वायरलेस आलं आणि पत्त्याला पाय फुटले. तोवर पत्ता ठरावीक मुदतीने भाड्याने देणारी डीएचसीपी ही व्यवस्था १९९३ मध्ये तयार झालेली होती. पण मुदत किती ठेवायची?

हिशोब करून पाहू. एका इमारतीला २५६ चा गट दिला, त्यातले वापरण्याजोगे २५४. मुदत आठ तासांची. दर तासाला शंभर नवे विद्यार्थी येतात, प्रत्येकाच्या खिशात एक फोन. दोन तासांत २०० पत्ते गेले. तिसऱ्या तासाला शेवटच्या ४६ जणांना पत्ता नाही, आणि इमारतीत माणसं मात्र शंभरच! निघून गेलेल्यांच्या नावावर पत्ते अडकलेले. मुदत तासाभराची केली, की हीच इमारत निभावून नेते. मात्र मुदत फार आखडली, तर नूतनीकरणाच्या विनंत्यांनी सर्व्हरवर ताण येतो. शिवाय भाडेकरू वेळेवर जागा सोडेलच असं नाही. मुदत संपूनही काही आयपॅड जुनाच पत्ता वापरत राहतात, असं २०१० साली प्रिन्स्टन विद्यापीठाला आढळलं होतं.

दुसरा उपाय नॅटचा. आत खासगी पत्ते वाटायचे आणि बाहेर सगळ्यांनी मिळून थोडेच सार्वजनिक पत्ते वापरायचे. १९९४ मध्ये ही कल्पना मांडली गेली. १० या अंकाने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांचा साठाही सुमारे १ कोटी ६७ लाखांचा, आणि तो कुणीही आपल्या आवारात वापरू शकतं. आतली टंचाई बरीचशी मिटली. पण आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत सहजी येता येत नाही. वसतिगृहातल्या लॅपटॉपवर आज कुणी ‘अकेबोनो’ उभा केला, तर तो जगाला दिसणार नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले, एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागात रेशनिंग सुरू झालं. ज्या संस्था उशिरा आल्या, त्यांच्या वाट्याला भाडेकरूपणच आलं. लवकर आलेल्यांपैकी स्टॅनफर्डने आपला मोठा गट २००० साली परत केला होता. एमआयटीने २०१७ मध्ये जाहीर केलं, की १ कोटी ४० लाख पत्ते कधी वापरलेच गेले नाहीत आणि त्यातले किमान ८० लाख विकता येतील.

१२८ बिटांच्या आयपीव्ही६ चा आराखडा १९९० च्या दशकातच तयार झाला होता. त्यात एका वर्गखोलीलाही सगळ्या जुन्या इंटरनेटपेक्षा जास्त पत्ते देता येतात. भारतात जिओसारख्या मोबाइल जाळ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. विद्यापीठांनीही मुदती आखडत बसण्यापेक्षा ही वाट धरावी, असं आम्हाला वाटतं. आवाराबाहेर काय खुलं ठेवायचं, हे मग सुरक्षेचा विचार करून ठरवता येईल. निदान पत्ता नाही म्हणून विद्यार्थ्याचं दार बंद राहणार नाही.