हात इथले, नाव कोणाचे?

अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराबाहेरच्या दुकानांत पोथ्या, माळा आणि उदबत्त्यांच्या शेजारी स्वामी समर्थांच्या तसबिरी ओळीने मांडलेल्या असतात. भाविक चौकटीचा आकार पाहतो, भाव करतो, डोळ्यांतले तेज निरखतो. चित्र काढले कोणी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. महाराष्ट्राच्या दृश्यकलेचा ग्रंथरूप इतिहास फार काळ याच वळणाने गेला. चित्र घराघरात पोहोचले आणि चित्रकाराचे नाव मागे राहिले.

30 एप्रिल 1878 रोजी स्वामींनी अक्कलकोटला देह ठेवला. त्याच साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा प्रेस सुरू केला. हा निव्वळ योगायोग, पण काळ समजायला उपयोगी. रेल्वे 1860 मध्ये सोलापूरपर्यंत आली होती आणि 1871 मध्ये रायचूरला पोहोचली. यात्रेकरू वाढले, त्यांच्याबरोबर छापील चित्रांची बाजारपेठही वाढली. चित्रशाळेने नाना फडणीस आणि रामपंचायतन दगडावरून छापून खपवले. शिळाप्रेसमध्ये तेलकट शाईने दगडावर आकृती उतरवत आणि रंगीत चित्रात प्रत्येक रंगाला सहसा वेगळा दगड लागे. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून पहिले चित्र बाहेर पडले, शकुंतलेच्या जन्माचे. हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर त्याचे मालक झाले. रविवर्मा हे नाव घरोघरी झाले, पण मूळ चित्र दगडावर उतरवणारे कारागीर बहुतांशी अनामच राहिले.

पुस्तकांची गोष्ट याहून जुनी आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगाराम तांबट नावाचा चित्रकार वेरूळची लेणी रेखाटत होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच काळात पुण्यात आला आणि 1795 मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने 1803 मध्ये लंडनला वेरूळचा 24 चित्रांचा ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकपानावर नावे वेल्स आणि डॅनियल यांची. गंगारामची कामे आज परदेशी संग्रहांत आहेत आणि अभ्यासकांना तो माहीत आहे, पण त्या ग्रंथाने त्याला मराठी वाचकापर्यंत आणले नाही.

अजिंठ्याचेही तसेच. 1872 ते 1885 या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले प्रमुख. लंडनला पाठवलेल्या या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा 1885 च्या आगीत जळाल्या. त्यांवर आधारलेला दोन खंडांचा भव्य ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला. तो ओळखला जातो ग्रिफिथ्सच्या नावाने.

हे वळण बदलण्याचा एक जोरकस प्रयत्न सातारच्या जहागिरींतून झाला. अक्कलकोट, औंध, भोर, जत आणि फलटण ही सातारकर छत्रपतींच्या छत्राखालची घराणी. 1848 मध्ये सातारा खालसा झाल्यावर ती ब्रिटिशांच्या अमलाखाली आली. अक्कलकोटचे भोसले त्यांच्या शस्त्रसंग्रहासाठी नावाजले. औंधच्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींना ओढ चित्रांची आणि ग्रंथांची. ते 1909 मध्ये गादीवर आले. स्वतः चित्रे काढत, कीर्तनेही करत. 1916 मध्ये त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. वेरूळवर 1929 मध्ये आणि अजिंठ्यावर 1932 मध्ये त्यांचे ग्रंथ मुंबईच्या तारापोरवाला यांनी काढले. लेण्यांवर लिहिणारा आता लेण्यांच्याच मुलखातला होता. भाषा मात्र इंग्रजीच राहिली.

संस्थानाच्या वातावरणात चित्रकलेची पेठ आणखीही फुलली. औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीत 1920 साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. औंधला 1938 मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि संस्थानिकाचा खासगी शौक लोकांना पाहता येऊ लागला.

मुंबईत म. वि. धुरंधरांनी याच काळात पुस्तकांत चित्रकाराला जागा मिळवून दिली. कोल्हापूरला 1867 मध्ये जन्मलेल्या धुरंधरांनी सी. ए. किंकेड यांच्या 1914 च्या पुस्तकासाठी चित्रे काढली. त्या पुस्तकात मराठी बायका व्रताला सांगतात त्या कहाण्या इंग्रजीत आल्या. देवघरातली गोष्ट आणि चित्र एका पुस्तकात आले, वाचक मात्र मुख्यतः इंग्रजी जाणणारा. ऑटो रोथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या 1920 च्या पुस्तकात धुरंधरांची 48 रंगीत चित्रे होती. स्वतःची हकीकत त्यांनी मराठीत लिहिली. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन 1940 मध्ये प्रसिद्ध झाले. जे. जे.तल्या शिक्षणापासून निवृत्तीपर्यंतचा काळ त्यात आहे. कोणते चित्र कोणाकडून, कशा परिस्थितीत मागवले गेले, हे चित्रकाराच्याच तोंडून कळू लागले.

त्यानंतर मासिकांच्या मुखपृष्ठांनी ही ओळख घरात आणली. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि सहीसकट चित्र वाचकाच्या हाती दिले. वाचक आता ‘दलालांचे चित्र’ म्हणू लागला.

2013 मध्ये सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोश’चा दृश्यकला खंड प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या चित्रकार-शिल्पकारांच्या नोंदी त्यात मराठीत एकत्र आल्या. इंग्रजी आवृत्ती निघाली ती नंतर.