पासपोर्ट, खाट आणि पब : तीन दारांचा इतिहास

#थ्रेड

१/ पाठीवर एक सॅक, सोबत एक मित्र किंवा मैत्रीण, रात्री हॉस्टेलमधल्या आठ जणांच्या खोलीतली एक खाट आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पबमध्ये समोर ठेवलेला एक ग्लास. युरोपात फिरून आलेल्या आपल्या पिढीतल्या कोणालाही विचारा, प्रवासाचे वर्णन साधारण असेच असते. हे सारे इतके सहज झाले आहे की त्यामागे काही इतिहास असेल असे वाटतही नाही. या धाग्यात तो इतिहास पाहू.

२/ अशा प्रवासासाठी तीन दारे उघडावी लागतात. पहिले देशाबाहेर पडण्याचे, दुसरे परक्या गावी झोपण्याचे, तिसरे परक्यांच्या शेजारी बसून पिण्याचे. ग्लासात मद्यच हवे असे नाही, लिंबूसरबतही चालेल. प्रश्न पेयाचा नाही, शेजारी बसण्याचा आहे. ही तिन्ही दारे अगदी अलीकडेपर्यंत कुणा ना कुणासाठी बंद होती.

३/ पहिले दार पासपोर्टचे. १९६७ पर्यंत भारतात पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. सतवंत सिंह साहनी या व्यावसायिकाचे पासपोर्ट सरकारने परत मागितले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. परदेशप्रवासाचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय न्यायालयाने बहुमताने दिला. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने आणखी एक पाऊल टाकले : हा हक्क हिरावण्याची पद्धतही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे.

४/ कागद मिळाला तरी खिसा रिकामाच. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या भारतीयाला अगदी मोजके परकीय चलन मिळे. ‘आठ डॉलर घेऊन निघालो’ हे वाक्य त्या पिढीच्या आठवणींत वारंवार भेटते. गंमत अशी की नेमक्या त्याच काळात युरोपातील तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल या मार्गाने भारतात येत होते. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७२ मध्ये लंडनहून आशिया ओलांडला आणि पुढच्याच वर्षी स्वस्त प्रवासाची एक पुस्तिका काढली. ‘लोनली प्लॅनेट’ची ती सुरुवात. म्हणजे ‘बॅकपॅकर’ आपण आधी पाहिला तो हणजुण्याच्या किनाऱ्यावर उतरलेला पाहुणा म्हणून. आपण स्वतः बॅकपॅकर झालो ते फार नंतर.

५/ आता दुसरे दार, खाटेचे. २६ ऑगस्ट १९०९. जर्मनीतील आल्टेना या गावचे शिक्षक रिचर्ड शिर्मान आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अनेक दिवसांच्या पायी सहलीला निघाले होते. वाटेत ब्र्योलच्या खोऱ्यात वादळाने गाठले. निवारा मिळेना. अखेर सुट्टीमुळे रिकामी असलेली एका गावची शाळा त्यांच्यासाठी उघडली गेली आणि मुले पेंढ्यावर झोपली. बाहेर विजा कडाडत होत्या आणि मास्तर जागे होते.

६/ त्या रात्री त्यांच्या मनात आलेला विचार साधा होता. सुट्टीत देशभरातल्या शाळा ओस पडतात. एका दिवसाच्या चालीइतक्या अंतरावर अशी एकेक शाळा रात्रीपुरती उघडली, तर कोणतेही मूल देश पायी पाहू शकेल. शिर्मान यांनी आधी गेल्सनकिर्शन या कोळशाच्या खाणींच्या शहरात शिकवले होते. धुराड्यांखाली वाढणाऱ्या मुलांना रान म्हणजे काय ते ठाऊक नव्हते आणि खानावळीत खोली घेणे त्यांच्या आईबापांना परवडणारे नव्हते. १९१० मध्ये त्यांनी ही कल्पना वृत्तपत्रातून मांडली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झाले. तिथल्या जाड लाकडी, एकावर एक रचलेल्या खाटा आजही पाहता येतात.

७/ किल्ल्यावरचा मुक्काम आपल्याला नवा नाही. राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी पसरून ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना या कल्पनेचे मर्म लगेच कळेल. छप्पर कोणाचे, याला महत्त्व नसते. दार बंद नसते, याला असते.

८/ पहिल्या महायुद्धात शिर्मान आघाडीवर होते. १९१५ च्या नाताळात व्होज पर्वतात त्यांच्या तुकडीतील जर्मन आणि समोरच्या खंदकांतील फ्रेंच सैनिकांनी आपणहून लढाई थांबवली. वाइन आणि सिगारेटींच्या बदल्यात पाव आणि हॅम अशी देवाणघेवाण झाली. हा प्रसंग शिर्मान यांनीच लिहून ठेवला आहे. देशोदेशींच्या तरुणांना भेटायला हक्काची जागा मिळाली तर काय होईल, हा प्रश्न तिथून त्यांच्याबरोबर राहिला.

९/ १९१९ मध्ये जर्मन वसतिगृह संघटना उभी राहिली. तिशीच्या दशकाच्या आरंभी जर्मनीत दोन हजारांहून अधिक वसतिगृहे होती आणि १९३२ मध्ये अॅमस्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. दुसऱ्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. त्यांनी हे सारे जाळे हिटलर युवक संघटनेच्या ताब्यात दिले आणि शिर्मान यांना बाजूला केले; १९३६ मध्ये त्यांना महासंघाचे अध्यक्षपदही सोडावे लागले. खाटा त्याच होत्या, भिंती त्याच होत्या. मात्र कोणाला आत घ्यायचे हे आता दुसरेच ठरवू लागले. दार बांधणे आणि दार उघडे राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे इथे प्रथम दिसते.

१०/ इंग्लंड-वेल्समध्ये ही चळवळ १९३० मध्ये आली. एका रात्रीला एक शिलिंग. स्त्री-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या, सकाळी झाडलोट आपण करायची, मोटारीने यायचे नाही आणि मद्य अजिबात नाही. आज हॉस्टेलच्या तळमजल्यावरच बार दिसतो, पण मुळात हॉस्टेल आणि पब ही एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली घरे होती. या मूळ शिस्तीचा वारसा आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातील ट्रेकवर जाणाऱ्यांना ठाऊक आहे : रात्री शेकोटीचा कार्यक्रम, त्यानंतर सर्वांना बोर्नव्हिटा आणि मग निमूट झोप.

११/ पण खाट स्वस्त असली म्हणजे ती सर्वांची झाली असे नाही. १९४३ मध्ये वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी कुटुंबासह लंडनला आले. इंपीरियल हॉटेलात चार रात्रींच्या खोल्या आधीच राखून ठेवल्या होत्या. तिथे पोहोचल्यावर सांगण्यात आले की एकच रात्र राहता येईल. कृष्णवर्णीय पाहुणा इतरांना खटकेल. कॉन्स्टंटाइन न्यायालयात गेले. सराई चालवणाऱ्याने योग्य कारणाशिवाय प्रवाशाला परत पाठवू नये, या इंग्लंडच्या जुन्या तत्त्वावर १९४४ मध्ये ते खटला जिंकले. भरपाई मिळाली फक्त पाच गिनी. पण नकार बेकायदा होता हे नोंदले गेले.

१२/ याच ओळीत आपल्याकडची एक नोंद ठेवावीच लागते. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडन येथील शिक्षणानंतर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. परदेशात ज्यांना छप्पर मिळाले होते त्यांना बडोद्यात ते मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते काही दिवस राहिले. ते कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांनीही आपापल्या घरी घेण्यास असमर्थता दाखवली. रात्रीची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हा अनुभव त्यांनी ज्या आत्मकथनात लिहिला त्याला आज ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ओळखतात. व्हिसाची वाट पाहणे हे केवळ परराष्ट्राच्याच दारात घडते असे नाही.

१३/ तिसरे दार पिण्याच्या जागेचे. कोण कोणाबरोबर काय पितो, हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर १८९० चे पुणे आठवा. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आणि इतर अनेकांवर ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. कपात चहाच होता. आक्षेप होता तो कप कोणाच्या हातचा, यावर.

१४/ ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’चा संक्षेप, म्हणजे सार्वजनिक घर. इंग्लंडमध्ये १५५२ पासून अशा घरांना स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागे. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरून कोणाही करदात्याला बिअरचे दुकान काढण्याची मुभा दिली आणि थोड्याच काळात अशी हजारो दुकाने उभी राहिली. तरीही हे ‘सार्वजनिक’ घर आतून विभागलेलेच होते : कष्टकऱ्यांसाठी लाकडी बाकांचा पब्लिक बार, ऐपतदारांसाठी गालिचा असलेला सलून बार आणि तिथे तीच बिअर अधिक दराने. अनेक ठिकाणी रस्त्यावरून आत यायची दारेही वेगळी.

१५/ वेळेचेही दार होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून पब दुपारी बंद ठेवण्याची सक्ती झाली. युद्ध १९१८ मध्ये संपले. इंग्लंडमधील दुपारची ही सक्ती उठली ती १९८८ मध्ये! तात्पुरते म्हणून आलेले निर्बंध किती काळ टिकतात, याचे हे उत्तम उदाहरण.

१६/ प्रथमच पबमध्ये गेलेला भारतीय टेबलाशी बसून वेटरची वाट पाहतो. तिथे वेटर येत नाही. उठून काउंटरपाशी जायचे, आपला क्रम ओळखायचा, पेय स्वतः आणायचे. मागच्या वर्षी मैत्रिणीबरोबर इंग्लंडमध्ये फिरताना आम्ही दोघी असे रोज करत होतो आणि कोणाची मानही वळत नव्हती. या न वळलेल्या मानेला एक तारीख आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘एल व्हिनो’ या पत्रकार-वकिलांच्या प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांना काउंटरवर पेय देत नसत. त्यांनी मागच्या खोलीत बसायचे. वकील टेस गिल आणि पत्रकार ॲना कूट यांनी त्याविरुद्ध दावा लावला. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. माझी आई तेव्हा शाळेत होती, इतके हे जवळचे आहे.

१७/ रंगाचे दारही असेच. १९६४ मध्ये ब्रिस्टल येथील ‘बे हॉर्स’ या पबमध्ये पॉल स्टीफन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला बाहेर जाण्यास सांगण्यात आले. आदल्या वर्षी याच तरुणाने शहरातील बसवरील वर्णभेदी नोकरभरतीविरुद्ध बहिष्कार उभारला होता. ते उठले नाहीत. अटक झाली, खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

१८/ बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणारे पंजाबी कामगार मोठ्या संख्येने होते आणि तिथल्या पबांतील काही दालने त्यांना बंद होती. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंह जौहल १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स यांना तिथल्या ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये घेऊन गेले, तेव्हा त्यांनाही नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा अमलात आला आणि पबचे दार रंगावरून बंद करणे बेकायदा झाले. आज त्याच परिसरात पंजाबी कुटुंबांनी चालवलेले ‘देसी पब’ आहेत. तिथे बिअरबरोबर तंदुरी मिक्स ग्रिल मिळते आणि सगळ्या रंगांची माणसे ती खायला येतात.

१९/ या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. ‘सार्वजनिक’ अशी पाटी लावल्याने जागा सार्वजनिक होत नाही. एखाद्या मास्तराला मुलांसाठी छप्पर हवे असते, एखादा क्रिकेटपटू खोली नाकारणाऱ्याला न्यायालयात खेचतो, दोन स्त्रिया काउंटरवरच पेय मागतात, एक तरुण खुर्चीवरून उठत नाही. तेव्हा ती होते. कायदा बहुधा त्यांच्यामागून चालत येतो.

२०/ आणि हे काम संपलेले नाही. आपल्याच देशात काही बॅकपॅकर हॉस्टेलांच्या नियमांत आजही ‘स्थानिक ओळखपत्र चालणार नाही’ असे असते. म्हणजे परदेशी पाहुण्याला खाट आहे, त्याच शहरातल्या मुलीला नाही. पुढच्या वेळी बुकिंग करताना नियमांची ती यादी शेवटपर्यंत वाचा. ‘कोणाला प्रवेश नाही’ हे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तो एक दस्तऐवजच आहे.

तुमच्या घरात धर्मशाळा, सराई किंवा ‘जागा नाही’ या उत्तराच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. आजी-आजोबांना विचारा. त्या कुठल्याही दफ्तरात सापडणार नाहीत.