आठ तारांपैकी चार

गेल्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा काटोलात विजांनी रात्रभर धुमाकूळ घातला. दुसऱ्या दिवशी आमच्या वाचनालयातल्या संगणकाचं इंटरनेट बंद पडलं होतं. त्याच आठवड्यात वाचनालयात जुना मोडेम काढून फायबरची नवी पेटी बसवली होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढं सर्वांनी पाहिलं. कावळा म्हणजे अर्थातच वीज.

दुरुस्तीला आलेल्या मुलानं पाच मिनिटांत निकाल दिला. "काकाजी, विजेनं लॅन कार्ड उडवलं. बोर्डावरच असते ते. तसंही हे लिनक्स हाये, याच्यात असं होतेच. डिस्क कोरी करून दुसरं टाकून देतो."

त्या डिस्कवर काय होतं हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कापसाच्या जिनातल्या वजनवह्या, संत्र्याच्या बागाईतदारांचे हिशेब, दोन घराण्यांचे मोडी कागदांचे रुमाल, असा तालुक्याचा जुना ऐवज मी गेली काही वर्षं पान पान करून तिथे उतरवत आलो आहे. अर्ध्याहून अधिक पानांची दुसरी प्रत नव्हती, आणि एका रुमालाचे मूळ कागद दरम्यान वाळवीनं संपवले होते. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली. मी संगणकाचा शिकलेला माणूस नाही. नव्वदच्या दशकात 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळत असे, तिच्यावर धडपडत जे आलं तेवढंच माझं शिक्षण. पण कागदावर विश्वास कसा आणि किती ठेवायचा, हे थोडंफार कळतं. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' छापायला सुरुवात केली तेव्हापासून आपल्याकडे एक शिस्त आहे: बखर काय म्हणते ते ऐकावं, पण निवाडा अस्सल कागदावर करावा. विजेची गोष्ट ही बखर होती. अस्सल कागद यंत्राच्या आत होता.

लिनक्समध्ये गाभ्याचा कार्यक्रम, ज्याला कर्नल म्हणतात, तो यंत्र सुरू झाल्यापासून घडणारी प्रत्येक गोष्ट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत वेळ घालून नोंदवत जातो. 'डीमेसेज' अशी आज्ञा दिली की ही रोजकीर्द डोळ्यांपुढे येते. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा बोर्डावर कोणकोणती उपकरणं हजर आहेत त्यांची हजेरी देते. हजेरीत आमचं कार्ड होतं: रिअलटेक कंपनीची ८१६८ क्रमांकाची चिप. म्हणजे ती निदान आपलं नाव सांगण्याइतकी जिवंत होती. तिच्या नावापुढच्या नोंदी वाचताना मात्र मी थांबलो, आणि त्या समजून घेण्यासाठी मला बरंच मागे जावं लागलं.

तारेनं संगणक जोडण्याच्या ज्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात, तिचं पहिलं टिपण बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लिहिलं. कल्पना आपल्या ग्रामसभेसारखी होती. सगळे एकाच मांडवात. बोलण्याआधी कुणी बोलत नाही ना ते ऐकायचं, दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसायचं आणि कमीजास्त थांबून पुन्हा सुरुवात करायची. (आमच्या ग्रामसभेत हा शेवटचा भाग अजून पोचलेला नाही.) १९८३ मध्ये या पद्धतीला मानक मिळालं आणि कार्डं बनवणाऱ्यांची रीघ लागली.

त्यातलं सर्वांत नकललं गेलेलं कार्ड म्हणजे नॉव्हेल कंपनीचं एनई-२०००. रचना साधी, भाग बाजारात मिळणारे; त्यामुळे कोणीही उठावं आणि 'एनई-२०००शी सुसंगत' असं छापून कार्ड विकावं. दरम्यान २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. ही प्रणाली कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणून कार्ड बनवणाऱ्यांना तिच्याशी देणंघेणं नव्हतं. कार्ड आणि कर्नल यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, कंपन्या इतरांसाठी देत. लिनक्ससाठी तो कुणीतरी स्वतः बसून लिहायचा होता.

तो लिहिणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव डोनाल्ड बेकर यांचं. एनई-२०००चा ड्रायव्हर त्यांनी १९९२ ते ९४ दरम्यान लिहिला. हे कार्यक्रम उघडे असल्यानं आज कुणालाही वाचता येतात, आणि मी ते वाचले तेव्हा मला जुन्या पोथ्यांची आठवण झाली. पोथीच्या शेवटी लेखनिक आपलं नाव, गाव, शक लिहितो. इथे ते आरंभी असतं. बेकर यांच्या या ड्रायव्हरच्या माथ्यावर १९९३ चा स्वामित्वहक्क अमेरिकी सरकारचा, तोही तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संचालकांमार्फत, असं नमूद आहे. हेरगिरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या नावानं निघालेला लेख पुढे जगभरच्या वाचनालयांत आणि शाळांत फुकट चालला. इतिहासात असे कागद भेटतात तेव्हा मला फार आनंद होतो.

त्याच लेखात आणखी एक चीज आहे: वाईट नकलांची यादी. खऱ्या एनई-२००० कार्डाच्या स्मृतीत ठरावीक जागी ओळखीच्या दोन खुणा असत. स्वस्त नकलांत त्या खुणाच नसत. बेकर यांनी अशी कार्डं नाकारली नाहीत. त्यांच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे कुठल्या कारखान्याचे ते पाहून ती ओळखावीत अशी व्यवस्था केली, आणि कारखान्यांची यादी तिथेच लिहून ठेवली. कोणत्याही माहितीपत्रकात हा मजकूर कधी छापला गेला नसता. आपल्या मालात काय खोट आहे हे विकणारा लिहीत नाही. ज्याला तो माल चालवून दाखवायचा असतो तो लिहितो.

बेकर यांचा हा खटाटोप निव्वळ हौसेचा नव्हता. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १६ साधे संगणक ईथरनेटनं जोडून, लिनक्सवर, महासंगणकाचं काम करून घेतलं. 'बेओवुल्फ' हे त्या जुळणीचं नाव. साध्या यंत्रांची फौज आणि मध्ये चांगलं जाळं, हा तो विचार. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, पुढच्या परम यंत्रांसाठी 'परमनेट' हे स्वतःचं जाळं घडवलं. आणि नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातलाच, टाटा समूहातल्या कंपनीचा 'एका' हा महासंगणक जगात चौथ्या क्रमांकावर आला. तो लिनक्सवर चालत होता. काटोलच्या दुरुस्तीवाल्या मुलाला हे सांगितलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं असतं, पण यंत्र सुरू झालं नसतं.

तेव्हा मी ड्रॉवरमधून एक जुनं कार्ड काढलं. वीस वर्षांपूर्वी नागपूरला बर्डीवर घेतलेलं, रिअलटेकचीच ८१३९ ही चिप असलेलं. या चिपेची कीर्ती काही चांगली नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी ड्रायव्हरमध्येच शेरा मारून ठेवला आहे, की हलका माल कशाला म्हणावं याची व्याख्याच या चिपेनं बदलली. कारण असं, की ती आलेली माहिती नीट जागच्या जागी ठेवत नाही. सगळं एका ढिगात टाकते आणि उचलून लावण्याचं काम मुख्य प्रोसेसरला करावं लागतं. पण स्वस्त होती म्हणून घरोघर गेली. लिनक्समध्ये तिचा पहिला ड्रायव्हर बेकर यांचा. तो पायाशी घेऊन जेफ गार्झिक यांनी २००० साली दुसरा लिहिला आणि बराच मजकूर बेकर यांच्याकडून घेतल्याचं माथ्यावर नोंदवलं.

कार्ड खाचेत बसवलं. कर्नलनं लगेच ओळखलं, तरी इंटरनेट नाहीच. हा चकवा नावाचा होता. पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या कार्डाला ईथ-शून्य, दुसऱ्याला ईथ-एक म्हणत. पण कोण आधी जागं होतं त्यावर क्रम बदले. २०१३ पासून कार्ड ज्या खाचेत बसलं आहे तिच्यावरून नाव देण्याची रीत आली. वाचनालयातल्या मांडणीच्या फायलीत जुन्या कार्डाचं नाव लिहिलेलं. नवं आलेलं कार्ड वेगळ्या खाचेतलं, म्हणून वेगळ्या नावाचं, म्हणून बेदखल. फायलीत नाव बदललं आणि इंटरनेट सुरू झालं.

इथे बहुतेकांनी तपास संपवला असता. जुनं कार्ड चालतं, बोर्डावरचं चालत नाही, म्हणजे वीजच. शिवाय रोजकीर्दीत एक इशाराही होता, की ८१६८ चिपेचा फर्मवेअर नावाचा छोटा कार्यक्रम सापडला नाही. या इशाऱ्यालाही इतिहास आहे. आमच्या यंत्रावर डेबियन ही लिनक्सची जुनी आवृत्ती आहे. ज्याचा मूळ मजकूर उघडा नाही ते गाभ्यात ठेवायचं नाही, या व्रतापायी डेबियननं २०११ मध्ये असे बंद फर्मवेअर कर्नलबाहेर काढले. मग नवशिक्यांची कार्डं अडू लागली, आणि शेवटी २०२२ मध्ये सभासदांचं मतदान होऊन २०२३ च्या आवृत्तीपासून ते स्थापनेच्या वेळीच देण्याचं ठरलं. ही चिप मात्र त्यावाचूनही बहुधा चालते. इशारा खरा होता, पण गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता. कज्ज्यांच्या जुन्या कागदांतही असे खरे पण निरुपयोगी साक्षीदार फार.

मला बेचैन करत होती ती दुसरीच नोंद. बोर्डावरच्या कार्डासमोर लिहिलं होतं: जोडणी झाली, वेग १००० मेगाबिट. काही सेकंदांनी: जोडणी तुटली. पुन्हा झाली, पुन्हा तुटली. असं पानभर. विजेनं जळालेली चिप इतकं बोलत नाही.

या टप्प्यावर मला २००८ ची हकिगत आठवली. त्या सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी घेणाऱ्यांची इंटेलची कार्डं एकामागून एक कायमची निकामी होऊ लागली. कार्डाच्या आतली, पत्ता आणि मांडणी जपणारी स्मृतीच पुसली जात होती. संशय अर्थातच इंटेलच्या ड्रायव्हरवर; त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. इंटेलच्या लोकांनी कार्डाची स्मृती कुलूपबंद करणारी दुरुस्ती दिली, तरी मूळ सापडेना. अखेर ऑक्टोबरमध्ये, आवृत्ती बाहेर पडल्यावर, गुन्हेगार निघाला तो एफट्रेस. कर्नलमध्ये काय चाललं आहे याचा माग काढण्यासाठी बनवलेलं हे साधन स्मृतीतल्या रिकाम्या झालेल्या जागेवर जुन्याच समजुतीनं लिहीत होतं, आणि त्या जागी आता कार्ड राहायला आलं होतं. म्हणजे माग काढणाराच चोर, आणि महिनाभर बदनाम झाला तो ड्रायव्हर निर्दोष.

मग मी यंत्र उचलून त्या फायबरच्या नव्या पेटीशेजारी नेलं आणि दोन हात लांबीच्या कोऱ्या तारेनं बोर्डावरचं कार्ड तिला जोडलं. जोडणी झाली, वेग १०००. तासभर थांबलो. तुटली नाही.

दोष तारेत होता. ईथरनेटच्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोनदोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १० आणि १०० मेगाबिटच्या प्रचलित पद्धतींना त्यातल्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. १९९९ मध्ये १००० मेगाबिटचं मानक आलं ते चारही जोड्या मागणारं. आणि गंमत अशी, की कोणत्या वेगानं बोलायचं याची दोन टोकांची बोलणी मात्र पहिल्या दोन जोड्यांवरूनच होतात. म्हणून दोन्ही टोकं मोठ्या उत्साहानं १००० वर सहमत होत आणि मग निळ्या, तपकिरी जोडीवर अडखळत. जुना मोडेम १०० चाच होता, त्यामुळे तोवर हे उघडं पडलंच नव्हतं. माझं ड्रॉवरमधलं कार्डही १०० च्या पलीकडे जाणत नाही, म्हणून ते चाललं. त्याचं दुबळेपण कामी आलं, एवढंच. संत्र्याच्या गावात नारिंगी जोडी शाबूत राहिली याचा वाचनालयाच्या अध्यक्षांना कोण आनंद झाला.

गच्चीवर जाऊन तार पाहिली. पाण्याच्या टाकीमागे खारीनं तिचं आवरण कुरतडलं होतं. निळी जोडी हिरवट गंजलेली, तपकिरीचा एक पदर केसाएवढा उरलेला. हे एका रात्रीचं काम नव्हतं. निदान दोन-तीन पावसाळे त्या जखमेतून गेले असावेत, आणि तितकी वर्षं वाचनालय उरलेल्या चार तारांवर निवांत चाललं होतं.

नवी तार आणायला दोन दिवस लागणार होते. तोवर 'ईथटूल' या आज्ञेनं बोर्डावरच्या कार्डाला सांगून ठेवलं, की बोलणी करताना १००० चं नावच काढायचं नाही. जुन्या तारेवर ते १०० नं बिनतक्रार चाललं. दुरुस्तीवाला मुलगा नवी तार घेऊन आला तेव्हा त्यानं रोजकीर्दीचं ते पान दोनदा वर-खाली करून पाहिलं, मग ती आज्ञा माझ्याकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतली. जुनी तार त्यानं टाकून दिली नाही. कुरतडलेला हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "काकाजी, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवाले कामात येते."

८१३९ चं कार्ड पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे. डिस्कवरची पानं आता तीन ठिकाणी आहेत.