चाकातला पहारेकरी

पिकअप ट्रकची चाके बदलली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा का लागतो? त्याचे मूळ अमेरिकेतल्या २००० सालच्या एका प्रकरणात आहे.

त्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररवर होते. धावताना टायरचा बाहेरचा थर सुटे आणि गाडी उलटे. सरकारकडे आलेल्या तक्रारींत २७१ मृत्यूंची नोंद झाली. फोर्डने २६ पीएसआय हवा सुचवली होती, फायरस्टोन ३० म्हणत होती. नोव्हेंबरमध्ये ट्रेड कायदा झाला आणि हवेचा दाब घटल्याचा इशारा सक्तीचा ठरला.

पहिल्या नियमात मात्र पळवाट होती. हवा गेलेले चाक किंचित लहान होऊन अधिक वेगाने फिरते, त्यावरून अंदाज बांधणारी स्वस्त यंत्रणाही त्यात चालत होती. पण चारही चाके सारखीच बसली, तर तुलना कोणाशी करायची? २००३ मध्ये न्यायालयाने ही सवलत रद्द केली, आणि माझ्या मते योग्यच केले.

पुढे चाकात बसणारा सेन्सर रूढ झाला. प्रत्येकाचा क्रमांक निराळा. ट्रक ओळखतो ते फक्त आपलेच. म्हणून जुने सेन्सर नव्या रिमवर चढवावे लागतात, किंवा नवे क्रमांक संगणकाला शिकवावे लागतात. दिव्यावर चिकटपट्टी लावून मोकळे होणारेही आहेतच.