गोधडी : खेळ आणि थंडी

तत्त्वज्ञानाच्या माणसाने गोधडीच्या इतिहासावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. झालं असं, की गेल्या महिन्यात घराजवळच्या एका सभागृहात गोधड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. संध्याकाळी फिरायला म्हणून निघालेलो आम्ही आत शिरलो आणि दोन तास बाहेर आलो नाही. एका गोधडीवर जुन्या साड्यांच्या काठांची सापशिडी होती. दुसरीवर मांजर होतं, आणि त्याची शेपटी चौकट ओलांडून मागच्या बाजूला गेलेली. शेपटीचं टोक बघायला प्रत्येक जण गोधडी उलटत होता, आम्हीही उलटली. पोरासोरांसारखे हसलो.

मग एका कोपऱ्यात जुनी वाकळ दिसली. विटलेलं लुगडं, त्यावर ठिगळं, आणि मधोमध खाकी चड्डीचा खिसा, तोंड न शिवता तसाच मोकळा ठेवलेला. खाली चिठ्ठी : 'अंदाजे साठ वर्षांपूर्वीची. करणारी : अज्ञात.'

हा खिसा आम्हाला घरापर्यंत सोडेना. त्याचं कारण सांगायचं तर हुइझिंगाकडे जावं लागेल. योहान हुइझिंगा हा डच इतिहासकार. १९३८ साली त्याने 'होमो लुडेन्स', म्हणजे खेळणारा माणूस, हे पुस्तक लिहिलं. (हा मुळात संस्कृतचा अभ्यासक. १८९७ सालचा त्याचा प्रबंध संस्कृत नाटकातल्या विदूषकावर आहे. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते आधी थट्टा समजत.) त्याचं म्हणणं असं, की खेळ हा गरजेच्या बाहेर असतो. पोट, पैसा, रोजचं जगणं बाजूला ठेवून आखलेल्या रिंगणात माणूस खेळतो. आम्ही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. आता त्या खिशाचं काय करायचं? वाकळ तर निव्वळ गरज. थंडी आहे, नवं पांघरूण घ्यायला पैसे नाहीत, म्हणून फाटकं जोडायचं. खेळायला रिंगण आहेच कुठे?

अमेरिकेतलं एक उदाहरण बघू. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हान डर हूफ यांनी जुन्या गोधड्या भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या. लोक थक्क झाले. ही तर आधुनिक अमूर्त चित्रं! कौतुक खरंच होतं. पण ज्या बायकांनी त्या शिवल्या, त्यांची नावं बहुतेक कुणाला ठाऊक नव्हती. चित्र म्हणून बघायचं ठरलं की थंडी विसरली जाते, आणि थंडी विसरली की शिवणारीही विसरली जाते.

याच्या उलट अलाबामातलं जीज बेंड. नदीच्या वळणातली काळ्या लोकांची वस्ती. पूर्वज कापसाच्या मळ्यावरचे गुलाम. मालकाचं पेटवे हे आडनाव आजही अनेकांच्या मागे आहे. इथल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत लागल्या, या वेळी करणारीच्या नावानिशी. त्यात मिसूरी पेटवे यांची १९४२ची एक गोधडी आहे. नवरा वारला, तेव्हा त्याचे शेतात वापरलेले कपडे फाडून त्यांनी ती शिवली, त्याची आठवण म्हणून, त्याच्या मायेच्या उबेत निजता यावं म्हणून. गुडघ्यावर विटलेला निळा रंग, तिथे जास्त गडद तुकडा, मग पुन्हा फिका. रंगांची ही मांडणी डोळ्याला खेळकरच वाटते. दुःख आणि खेळ एकाच सुईत ओवलेले. हुइझिंगाचं रिंगण इथे चालत नाही.

आणखी जवळचं उदाहरण उत्तर कन्नडातल्या सिद्दींचं. यांचे आफ्रिकी पूर्वज बरेचसे पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. तिथून पळून ते यल्लापूर, हल्याळच्या जंगलांत शिरले. तिथल्या बायका गोधडी कडेपासून शिवायला घेतात आणि गोल गोल फिरत मध्यापर्यंत येतात. शेवटी चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावायची. त्यांना 'फुलां' असंच म्हणतात. या फुलांनी ऊब तसूभरही वाढत नाही. पण फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी-नागडी वाटते, पुरी झाली असं त्या मानतच नाहीत. म्हणजे गरज भागल्यावर उरलेला वेळ असा हा खेळ नाही, तो गरजेच्या आतच बसलेला आहे. इतकी वर्षं आम्ही वर्गात जे सांगितलं, ते दुरुस्त करायला हवं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. वाकळ देणाऱ्या बाई तिथेच बसल्या होत्या. खिशाचं विचारलं तर त्या हसल्या. "अहो, सासूबाई त्यात रात्री शेंगदाणे टाकून ठेवायच्या. झोपताना ज्या पोराच्या वाट्याला खिसा येईल त्याचे दाणे. रोज भांडणं!" मग आम्ही म्हटलं, सासूबाईंचं नाव चिठ्ठीवर का नाही? त्या म्हणाल्या, कुणी विचारलंच नाही. आयोजकांतल्या एका मुलीने लगेच पेन आणून 'अज्ञात' खोडलं आणि वर नाव लिहिलं.

घरी येऊन आम्ही माळ्यावरची आमची वाकळ काढली. आईने आणि शेजारणीने समोरासमोर बसून शिवलेली. आईचे टाके बारीक, एकाला एक लागून. दुसऱ्या अंगाचे लांब, जरा तिरपे, पण ओळ कुठे चुकलेली नाही. त्या बाजूला एक लाल चिंधी मुद्दाम तिरकी बसवली आहे. ती आमच्या आईने बसवली नसणार, तिला तिरकं काही खपत नसे. ती शेजारणीची. तिला आम्ही 'पलीकडच्या काकू' म्हणत असू. त्यांचं नाव काही केल्या आठवलं नाही. गावाकडे दोघातिघांना फोन केले, त्यांनाही त्या पलीकडच्या काकू म्हणूनच आठवतात.