फडाची मालकीण

लंडनच्या सोहो भागात १९५९ साली रॉनी स्कॉट या सॅक्सोफोनवादकाने पीट किंग या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाच्या साथीने एका तळघरात जॅझचा क्लब काढला. तो अनेकदा कर्जात बुडण्याच्या बेताला आला. परंतु १९९६ साली स्कॉट वारल्यावरही चालू राहिला. कलावंतानेच रंगमंचाचे मालक व्हावे, ही गोष्ट शोधण्यासाठी आपण सोहोपर्यंत जाण्याचे मात्र कारण नाही. पुण्याहून नाशिककडे जाताना पेठ आणि मंचर मागे पडले की नारायणगाव लागते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा फड या गावचा.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. घराण्याचा फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी नावारूपाला आणला होता. गावगाड्याने ज्या जातीला वेशीबाहेर ठेवले, तिचेच नाव या फडाच्या पाटीवर होते आणि त्याच पाटीसाठी गावोगावचे लोक तिकीट काढीत. विठाबाई लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या. पुढे स्वतःच्या नावाचा फड त्यांनी चालवला. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

फडमालकी म्हणजे काय, हे नारायणगावात चैत्राच्या सुमारास दिसते. फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, यात्रेच्या सुपाऱ्या ठरतात. परंतु त्याआधीच मालकाने कलावंतांना उचल दिलेली असते, आणि तीही बहुधा व्याजाने काढलेल्या पैशातून. अवकाळी पाऊस आला की त्या रात्रीची मिळकत गेली. देणे मात्र राहते.

भर खेळात कळा सुरू झाल्या, विठाबाई तंबूमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. ती कलानिष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती तेवढीच वाटत नाही. जिच्या नावावर तंबू भरतो, तिला रजा नसते. खेळ मोडला तर ढोलकीवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सर्वांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. निष्ठा होतीच, तिच्याबरोबर हा हिशोबही होता, आणि तो वगळला की आपण त्या बाईचे कष्ट झाकून केवळ तिचे कौतुक करतो.

जानेवारी २००२ मध्ये विठाबाई गेल्या, त्या हलाखीतच. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून तीच वाट चालवली. स्कॉटच्या क्लबाला भिंती होत्या, मालक गेल्यावरही त्या उभ्या राहिल्या. तंबू रोज पहाटे उतरवावा लागतो. फडाचे खरे भांडवल मालकिणीचा गळा आणि पाय हेच होते. ते थकले तेव्हा त्यांच्या मागे उभी राहील अशी कोणतीही व्यवस्था आपण केलेली नव्हती.