चमत्काराची परीक्षा : लांबेर्तिनी यांचे निकष

चमत्कारांच्या चर्चेत श्रद्धा व संशय यांना सामान्यतः परस्परविरोधी मानले जाते. रोमन कॅथलिक धर्मपीठात मात्र संशयासाठी एक अधिकृत पदच होते. संतपदासाठी सुचविलेल्या व्यक्तीविरुद्ध आक्षेप मांडणाऱ्या अधिकाऱ्यास लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत. कायदेपंडित प्रॉस्पेरो लांबेर्तिनी १७०८ पासून सुमारे वीस वर्षे या पदावर होते. १७४० मध्ये तेच पोप चौदावे बेनेडिक्ट झाले.

१७३४ ते १७३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी चमत्काराने झालेल्या रोगमुक्तीचे निकष सांगितले. आजार गंभीर, असाध्य वा दुःसाध्य असावा. तो आधीच उतरणीला लागलेला नसावा. औषधाचा गुण आलेला नसावा. रोगमुक्ती तत्काळ, पूर्ण व टिकाऊ असावी. यांतील उतरणीची अट विशेष मार्मिक होय. तत्कालीन वैद्यकानुसार विशिष्ट दिवशी घाम फुटून ताप आपोआप उतरत असे. अशा उताराचे श्रेय संताला देता येत नाही. निकष धर्मपीठाचे असले तरी त्यांची भाषा वैद्याची आहे.

अडचणही येथेच उद्भवते. वैद्यकाची कक्षा विस्तारली की ‘अनाकलनीय’ घटनांचे क्षेत्र आकुंचन पावते. १९४८ मध्ये पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय आयोग नेमला. घटनेचा उलगडा विद्यमान ज्ञानाने होतो की नाही, एवढेच वैद्य सांगतात. ‘चमत्कार’ हा शब्द त्यांच्या अधिकारात नाही. १९८३ च्या सुधारणांनी ‘सैतानाच्या वकिला’ची विरोधकाची भूमिका क्षीण केली. परिणामी संशयाचा भार मुख्यतः वैद्यांवर आला. साक्षीदारांची उलटतपासणी हे मात्र वैद्याचे नव्हे, वकिलाचे काम आहे.